दोन कपाटे, दोन किल्ल्या

शाळेचे जनरल रजिस्टर दोन प्रतींत लिहून दोन कपाटांत ठेवले, परंतु किल्ली एकाच कपाटाची करून घेतली, अशी कल्पना करा. पहिले कपाट जळाले, तर दुसरी प्रत शाबूत असूनही हाती लागणार नाही. संगणकाच्या बाबतीतही असेच घडू शकते.

गुणपत्रके ज्या डिस्कवर साठतात, ती कधीतरी बिघडणारच. म्हणून तोच मजकूर एकाच वेळी दोन डिस्कवर लिहितात. अशा रचनांचे वर्गीकरण करून त्यांस ‘रेड’ हे नाव १९८८ साली अमेरिकेतील बर्कले येथील पॅटर्सन, गिब्सन व कॅट्झ यांनी दिले. दर्पणातील प्रतिबिंबासारख्या या प्रकारास ‘रेड १’ म्हणतात. लिनक्स प्रणाली हे काम निराळ्या यंत्रावाचून करते.

मात्र दोन डिस्क एकच मानण्याची ही सोय बहुधा लिनक्स जागे झाल्यावरच लाभते. त्यास जागे करणारा छोटा कार्यक्रम म्हणजे बूटलोडर. तो जुन्या बायॉस पद्धतीत डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांपासून सुरू होतो. नव्या यूईएफआय पद्धतीत तो एका लहान, स्वतंत्र विभागात असतो. तो एकाच डिस्कवर असेल, तर ती बिघडताच संगणक सुरू होत नाही.

मग कोणता बूटलोडर निवडावा? ‘लिलो’चा विकास २०१५ च्या अखेरीस थांबला. ‘सिस्टमडी-बूट’ सुटसुटीत आहे. पण त्यास लिनक्सचा गाभा सामान्यतः त्या लहान विभागातच ठेवावा लागतो. ‘ग्रब २’ जोडडिस्कची रचना स्वतः ओळखतो आणि तिच्यातून गाभा वाचतो. म्हणून येथे तोच सोयीचा. तो दोन्ही डिस्कवर बसवावा. यूईएफआय असल्यास दोन्ही लहान विभाग अद्ययावत ठेवावे व दोहोंची नोंद यंत्रात करावी.

नंतर परीक्षा घ्यावी. संगणक बंद करून एक डिस्क काढावी व तो सुरू होतो का ते पाहावे. ती पुन्हा जोडून दोन्ही प्रती पूर्ण जुळल्यावरच दुसरीची पाळी. ही घाई केल्यास मजकूर गमावण्याचा धोका असतो.

एक गोष्ट मात्र विसरू नये. चुकून पुसलेले गुण दोन्ही डिस्कवरून एकदमच पुसले जातात. म्हणून संगणक हुबळीस असेल, तर तिसरी प्रत धारवाडास असावी.