जमीन गेली, कागद राहिला

नाशिकजवळचं एकलहरे म्हटलं की औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या डोळ्यांपुढे येतात. 1970च्या सुमारास तिथे वीज तयार होऊ लागली. त्याआधी ज्यांच्या जमिनी संपादित झाल्या, त्यांच्या वारसांनी आपल्या घराण्याचा माग काढायचा तर सुरुवात भूसंपादनाच्या निवाड्यापासून करावी. खातेदार, हिस्सेदार, मयताचे वारस अशी सगळी नावं तिथे मोबदल्यापोटी एकत्र येतात. मोबदला मिळायचा असला की विसरलेला चुलताही आठवतो.

अमेरिकेत 1862च्या होमस्टेड कायद्याने वसाहतकऱ्याला 160 एकर मिळत. त्याच्या फायलीत घर कधी बांधलं, कुटुंबात माणसं किती, पेरा किती एकरांत, सगळं असे. पणतवंडांचं बरंच काम त्या एका फायलीत भागतं. आपल्याकडे मात्र सातबारावरून एकेक फेरफार मागे जावं लागतं. यात बहुतेकांची गाडी अडते ती गट नंबरावर. 1947च्या कायद्याखाली गावोगावी एकत्रीकरण झालं आणि जुने सर्व्हे नंबर जाऊन गट आले. त्यामुळे जुना नंबर कुठल्या गटात गेला, ते जुळणीच्या तक्त्यावरून आधी काढायचं. त्याशिवाय केलेला शोध बहुधा दुसऱ्याच्याच पणजोबांपाशी पोचतो.

1903च्या कायद्याने हक्कनोंदणी आली, त्यामुळे फेरफारांची साखळी साधारण तिथवर जाते. नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असेल तर तो एकत्र कुटुंबाचा कर्ता. त्याचे भाऊ कागदावर नसले, तरी ते नव्हतेच असं समजू नये. त्याहून जुन्या कागदांत आडनाव अनेकदा नसतंच, नुसतं ‘राघू बिन तुकाजी’ असतं. बाई असेल तर ‘कोम’ लिहून पुढे नवऱ्याचं नाव. लेकींची नावं शोधायची तर हक्कसोडपत्रं पाहावीत. वाटा सोडून देण्यासाठी का होईना, त्यांना तिथे नाव मिळालेलं असतं.

दुसरी वाट नाशिकच्या रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांकडची. त्यांच्या नामावळ्या गाव आणि आडनावावरून लावलेल्या असतात. अस्थी घेऊन किंवा सिंहस्थाला आलेल्याने आपल्या वाडवडिलांची आणि मुलांची नावं सांगितलेली असतात, खाली सही किंवा अंगठा. सातबाऱ्याला भूमिहीन माणूस दिसत नाही, इथे तो सापडू शकतो. मात्र एकलहऱ्यासारख्या जवळच्या गावचा माणूस नोंद न करताच घरी परतला असण्याची शक्यता लांबच्या यात्रेकरूपेक्षा जास्त, असं मला वाटतं.

2023मध्ये कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, आणि एरवी धूळ खाणारी दप्तरं उघडली. गाव नमुना 14 मधले जन्म-मृत्यू, शाळेचे प्रवेश-निर्गम उतारे, कोतवाल बुकं यांना अचानक भाव आला. मोडी वाचणाऱ्यांनाही. दाखल्यासाठी का होईना, हजारो घरांनी पणजोबांचं नाव प्रथमच कागदावर पाहिलं असेल.

एकोणिसाव्या शतकात उतरायचं असेल, तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी: नाशिक हा स्वतंत्र जिल्हा 1869 मध्ये झाला. त्याआधी या भागाचा बराच कारभार अहमदनगरकडून चाले. त्यामुळे नाशिकच्या अभिलेख कक्षात काही मिळालं नाही, तर घराण्याचा इतिहासच नाही असं ठरवण्याआधी नगरच्या अभिलेख कक्षाच्या आणि पुण्याच्या पुरालेखागाराच्या याद्या चाळाव्यात.