चूक उघडकीस आल्यानंतर : शौल, दावीद, पेत्र आणि यहूदा

बायबलमधील थोर व्यक्तींची चरित्रे प्रथमच वाचणाऱ्याला एका गोष्टीचे आश्चर्य वाटते. ज्या राजाला इस्राएली परंपरेने आदर्श मानले, त्याच्या व्यभिचाराची आणि त्याने घडवून आणलेल्या हत्येची हकिगत त्याच परंपरेने तपशीलवार जतन केली. ज्या शिष्याला आद्य ख्रिस्ती मंडळीने आपला अग्रणी मानले, त्याने भीतीपोटी गुरूची ओळख नाकारली हे चारही शुभवर्तमानांत नमूद आहे. दरबारी बखरकार सहसा असे लिहीत नाहीत. चूक झाली की नाही, यापेक्षा ती उघडकीस आल्यावर माणसाने पहिले पाऊल कोणत्या दिशेने टाकले, याकडे या लेखकांचे अधिक लक्ष आहे, असे या कथा शेजारी शेजारी ठेवून वाचताना जाणवते.

मराठी ख्रिस्ती लेखनात या संदर्भात ‘पश्चात्ताप’ हा शब्द रुळला आहे. ‘पश्चात्’ म्हणजे नंतर आणि ‘ताप’ म्हणजे दाह; मागाहून मनात पेटणारी आग, असा त्याचा मूळ भाव. हिब्रू शास्त्रलेखांत मात्र या ठिकाणी बहुधा ‘शूव’ हे क्रियापद येते आणि त्याचा अर्थ अगदी साधा आहे : परत फिरणे. वाट चुकलेला प्रवासी मागे वळतो, त्यासाठी हाच शब्द. नव्या करारातील ग्रीक शब्द ‘मेटानोइया’ हा मन पालटण्याविषयी बोलतो. दाह ही भावना आहे. परत फिरणे ही कृती आहे. पुढील कथांमधील बराचसा फरक या दोहोंच्या मधल्या अंतरात सापडतो.

शौल हा इस्राएलाचा पहिला राजा. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या 15 व्या अध्यायात त्याला अमालेकी लोकांचा व त्यांच्या सर्व मालमत्तेचा समूळ नाश करण्याची आज्ञा मिळते. ही आज्ञा आजच्या वाचकाला अस्वस्थ करते, आणि करावीच. ज्यू व ख्रिस्ती भाष्यकारांनीही तिच्याविषयी शतकानुशतके वाद घातले आहेत. परंतु कथेत शौलाची चूक दयाळूपणाची नाही. त्याने सामान्य माणसे वाचवली नाहीत. वाचवला तो अगाग राजा आणि उत्तमोत्तम गुरेमेंढरे. वाटेत त्याने स्वतःच्या विजयाचे स्मारकही उभारले. शमुवेल संदेष्टा भेटीस आला, तेव्हा शौलाने आज्ञा पाळल्याचे उत्साहाने सांगितले. मग ही मेंढरे कसली ओरडत आहेत, असा शमुवेलाचा प्रश्न. त्यावर शौलाचे उत्तर कोणत्याही कार्यालयात सहज ऐकू येईल असे आहे : ते लोकांनी केले, आणि हेतू चांगलाच होता, यज्ञासाठी ठेवली आहेत.

शेवटी कोंडी झाल्यावर शौल पाप केल्याचे कबूलही करतो. मात्र त्या कबुलीला लागूनच त्याची विनंती येते, की निदान वडीलधाऱ्यांसमोर तरी शमुवेलाने आपला मान राखावा. कबुली दिली गेली, पण लक्ष प्रतिष्ठेवरच खिळलेले राहिले. पुढे आयुष्यभर शौलाला ज्याची धास्ती वाटत राहिली, तो तरुण दावीद लोकांच्या नजरेत त्याच्याहून मोठा ठरू लागला होता, हे या दृष्टीने योगायोगाचे वाटत नाही.

दाविदाचा अपराध शौलापेक्षा उघडच भयंकर होता. वसंत ऋतूत, राजे मोहिमेवर निघतात त्या दिवसांत, सेनापती यवाब अम्मोन्यांच्या राब्बा नगराला वेढा घालून बसला होता आणि दावीद यरुशलेमेत मागे राहिला होता. सायंकाळी राजवाड्याच्या धाब्यावरून त्याने बथशेबेला पाहिले, ती उरीया हित्ती या आपल्याच सैनिकाची पत्नी आहे हे त्याला सांगण्यात आले, तरी त्याने तिला बोलावून घेतले. राजाच्या बोलावण्याला नकार देण्याची तिला कितपत मुभा होती, हा प्रश्न अलीकडचे वाचक विचारतात आणि तो रास्त आहे. ती गरोदर राहिल्याचे कळताच झाकपाक सुरू झाली. उरीयाला रणांगणावरून बोलावून घरी जाण्यास सांगितले. सोबती उघड्यावर तळ देऊन असताना आपण घरी कसे जावे, म्हणून तो राजवाड्याच्या दाराशीच झोपला. त्याला मद्य पाजले, तरी तो घरी गेला नाही. तेव्हा त्याच्या मृत्यूची व्यवस्था करणारे पत्र त्याच्याच हाती देऊन राजाने त्याला यवाबाकडे परत पाठवले.

एक चूक लपवण्यासाठी दुसरी आणि ती झाकण्यासाठी तिसरी, हा क्रम लेखकाने कोणतेही भाष्य न करता मांडला आहे. धाब्यावरून नजर गेली, तेथे थांबणे शक्य होते. चौकशीचे उत्तर आले, तेथे थांबणे शक्य होते. उरीया दाराशी झोपला, त्या सकाळीही शक्य होते. प्रत्येक थांब्यावर परत फिरण्याची किंमत मात्र आधीच्यापेक्षा वाढलेली होती.

नाथान संदेष्ट्याने राजाला आरोप ऐकवला नाही. एक फिर्याद ऐकवली. एका श्रीमंताकडे पुष्कळ कळप होते. एका गरिबाकडे एकच मेंढी होती. ती त्याच्या ताटातले खाई, त्याच्या कुशीत झोपे. श्रीमंताकडे पाहुणा आला, तेव्हा त्याने स्वतःचे जनावर न कापता गरिबाची मेंढी हिसकावून घेतली. न्यायाधीशाच्या भूमिकेत शिरलेला दावीद संतापला. अशा माणसाने चौपट भरपाई द्यावी, तो मरणासच पात्र आहे, असा निकाल त्याने दिला. मग नाथानाने ते बोट राजाकडेच वळवले. माणूस स्वतःच्या बाबतीत वकील असतो आणि इतरांच्या बाबतीत न्यायाधीश. नाथानाचे शहाणपण हे, की त्याने दाविदाला काही क्षण आपल्या खुर्चीऐवजी न्यायासनावर बसवले.

दाविदाचे उत्तर मूळ हिब्रूत अवघ्या दोन शब्दांचे आहे. परमेश्वराविरुद्ध आपण पाप केले, एवढेच. लोकांचा, परिस्थितीचा, हेतूचा उल्लेख नाही. मान राखण्याची विनंती नाही. गंमत अशी, की यातील पाप केल्याचे क्रियापद शौलाच्या तोंडी आलेलेच आहे, अक्षरही वेगळे नाही. वेगळे आहे ते त्याच्या पुढे काय येते, किंवा काय येत नाही, एवढेच. स्तोत्रसंहितेतील 51 वे स्तोत्र याच प्रसंगाशी त्याच्या शीर्षकाने जोडलेले आहे.

क्षमा मिळाली, असे नाथान तत्काळ सांगतो. आणि त्याच श्वासात परिणामांची यादीही सांगतो. ख्रिस्ती प्रवचनांत हा दुसरा भाग पुष्कळदा घाईने उरकला जातो. बथशेबेचे ते मूल दगावले. थोरला मुलगा अम्नोन याने सावत्र बहीण तामार हिच्यावर बलात्कार केला, तिच्या भावाने, अबशालोमाने, त्याचा खून केला, आणि पुढे त्याच अबशालोमाच्या बंडामुळे वृद्ध दाविदाला राजधानी सोडून पळावे लागले. त्या वाटेवर शिमी नावाचा मनुष्य त्याला शिव्याशाप देत, दगडधोंडे मारत चालला होता. अबीशयाने त्याचे मस्तक उडवण्याची परवानगी मागितली, ती दाविदाने नाकारली. उरीयाच्या वेळी राजाने आपली सत्ता माणूस मारण्यासाठी वापरली होती. येथे तीच सत्ता हाती असूनही त्याने ती आवरली. बदल झाला होता याचा पुरावा राजवाड्यातील कबुलीपेक्षा या धुळीच्या रस्त्यावर अधिक दिसतो.

आणि परंपराही विसरली नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानातील येशूच्या वंशावळीत शलमोनाच्या आईचा उल्लेख आहे, पण तेथे बथशेबा हे नाव नाही. उरीयाची पत्नी अशीच तिची ओळख दिली आहे. क्षमेच्या वंशावळीत मारल्या गेलेल्या माणसाचे नाव कोरून ठेवलेले आहे.

दाविदाचा पुत्र शलमोन गादीवर आल्यावर गिबोन येथे त्याने जे मागितले, त्याला मराठीत आपण ‘बुद्धी’ किंवा ‘शहाणपण’ म्हणतो. हिब्रूतील शब्दांचा अर्थ ‘ऐकणारे अंतःकरण’ असा आहे. त्याच्या मुलाकडे, रहबामाकडे, नेमके तेच नव्हते. राज्याभिषेकासाठी शखेमास जमलेल्या लोकांची तक्रार होती, की शलमोनाच्या काळात वेठबिगारीचे जू फार जड झाले, ते हलके करावे. रहबामाने तीन दिवसांची मुदत मागितली, हे उत्तमच केले. वडिलांच्या पदरी असलेल्या अनुभवी मंत्र्यांनी लोकांची सेवा करून सौम्यपणे बोलण्याचा सल्ला दिला. येथे कथनातील बारकावा पाहण्याजोगा आहे : रहबामाने तो सल्ला आधी टाकून दिला आणि नंतर आपल्याबरोबर वाढलेल्या तरुणांना विचारले. म्हणजे दुसरी मसलत ही मसलत नव्हतीच. ठरलेल्या निर्णयासाठी होकार गोळा करणे होते. मोठ्या पगाराच्या सल्लागारांकडूनही हेच काम करून घेतले जाते, हे वाचकांपैकी काहींना ठाऊक असेल. तिसऱ्या दिवशीचे उत्तर धमकीचे होते आणि दहा वंश फुटून निघाले. त्यानंतर समजूत घालण्यासाठी रहबामाने कोणाला पाठवावे? वेठबिगारीवरील अधिकाऱ्यालाच. लोकांनी त्याला दगडांनी ठार केले आणि राजा रथात बसून कसाबसा यरुशलेमेस पळाला.

नव्या करारात एकाच रात्री दोन शिष्य कोसळतात. इतर सारे सोडून गेले तरी आपण सोडणार नाही, असे पेत्राने भोजनाच्या रात्री ठासून सांगितले होते. प्रमुख याजकाच्या अंगणात कोळशाच्या शेगोटीशी तो ऊब घेत असता त्याला ओळखण्यात आले. मत्तय सांगतो, की त्याच्या बोलण्याच्या ढबीवरून तो गालीलकर असल्याचे कळले. परक्या मुलखात उच्चारावरून पकडले जाण्याची धाकधूक परदेशस्थ वाचकांना समजावून सांगावी लागू नये. तीन वेळा त्याने ओळख नाकारली. कोंबडा आरवला, लूकच्या वृत्तान्तानुसार येशूने वळून त्याच्याकडे पाहिले, आणि तो बाहेर जाऊन रडला.

यहूदा इस्कर्योताने गुरूला चांदीच्या 30 नाण्यांसाठी शत्रूच्या हाती दिले होते. परंतु पुढची हकिगत काळजीपूर्वक वाचली तर एक अडचण उभी राहते. त्याला पस्तावा झाला. निर्दोष माणसाचा घात केल्याचे त्याने स्पष्ट कबूल केले. पैसे परत नेले. कागदोपत्री पाहता त्याने त्या वेळी पेत्रापेक्षा अधिक केले. पेत्राने केवळ अश्रू ढाळले होते. मत्तयाने येथे ‘मेटानोइया’च्या कुळातील शब्द वापरलेला नाही, तर खंत वाटणे या अर्थाचे वेगळे क्रियापद योजले आहे, याकडे भाष्यकार लक्ष वेधतात. शब्दाइतकीच महत्त्वाची दिशाही आहे. यहूदा गेला तो याजकांकडे, ज्यांच्याशी त्याने सौदा केला होता. त्याच्या कबुलीशी आम्हाला काय कर्तव्य, असे म्हणून त्यांनी हात झटकले. नाणी मंदिरात फेकून तो एकटाच निघून गेला आणि त्याने जीवनाचा अंत केला. याजकांनी त्या पैशांतून कुंभाराचे शेत विकत घेण्याची रीतसर व्यवस्था मात्र केली. नैराश्याने जीव देणाऱ्या प्रत्येकाचा निवाडा करण्यासाठी हा प्रसंग वापरणे अन्यायाचे होईल. त्यात दोष कोणाचा असेल, तर दाराशी आलेल्या माणसाला परत पाठवणाऱ्यांचाही आहे.

पेत्र उरला, कारण तो इतरांपासून तुटला नाही. नामुष्की झालेली असतानाही तो त्याच शिष्यांबरोबर दिसतो, त्यांच्याबरोबरच मासे धरायला जातो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात सरोवराच्या काठी त्याची येशूशी भेट होते, तेव्हा तेथे कोळशाची शेगोटी पेटलेली असते. त्या शेगोटीसाठी वापरलेला ग्रीक शब्द नव्या करारात केवळ दोनदा येतो : याजकाच्या अंगणात आणि या काठावर. प्रश्नही तीन वेळा विचारला जातो, प्रेम करतोस का? तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्र दुखावतो. जखम उघडूनच धुतली जाते, आणि प्रत्येक उत्तरानंतर त्याच्यावर कळप राखण्याची जबाबदारी सोपवली जाते.

तरी स्वभाव एका सकाळीत पालटत नाही. पुढे अंत्युखियात यहूदीतर बांधवांच्या पंगतीत बसणारा पेत्र, यरुशलेमेहून काही माणसे येताच, त्यांच्या धास्तीने मागे सरला. पौलाने त्याला तोंडावर जाब विचारला, असे गलतीकरांस पत्रात पौल स्वतः लिहितो. भय तेच, अंगण तेवढे वेगळे.

हाच पौल दुसऱ्याच्या चुकीबाबत किती कठोर होऊ शकत असे, ते योहान मार्काच्या प्रसंगात दिसते. पहिल्या प्रवासात हा तरुण पंफुल्यातील पिर्गा येथून सोबत सोडून यरुशलेमेस परतला. का, ते लूक सांगत नाही. पुढच्या प्रवासाला त्याला पुन्हा घ्यावे असा बर्णबाचा आग्रह होता, अर्ध्यावर सोडणारा माणूस नको अशी पौलाची भूमिका होती. दोघांचेही म्हणणे समजण्यासारखे आहे. वाद इतका विकोपाला गेला, की पौल सीलाला घेऊन एका वाटेने आणि बर्णबा मार्काला घेऊन कुप्रास गेला. बर्णबाने त्या दिवशी केवळ एका नातलगाची बाजू घेतली की माणूस ओळखला, हे ठरायला बरीच वर्षे जावी लागली. परंपरेने दुसऱ्या शुभवर्तमानाचे कर्तृत्व या मार्काकडे दिले आहे. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात बंदिवासातला वृद्ध पौल काही निकडीच्या गोष्टी मागवतो : त्रोवसास राहिलेला झगा, पुस्तके, विशेषतः चर्मपत्रे. आणि त्याआधी, येताना मार्काला सोबत घेऊन यावे, तो आपल्या कामाचा आहे, असे कळवतो.