वंशावळ

वंशावळ : एखाद्या कुळाच्या ज्ञात मूळ पुरुषापासून हयात पिढीपर्यंतच्या व्यक्तींची नातेसंबंधांसह केलेली क्रमवार मांडणी. वंशावळीला जन्म-मृत्यू, व्यवसाय, स्थलांतर व विवाहसंबंध यांच्या साधार माहितीची जोड दिली, म्हणजे कुलवृत्तांत तयार होतो.

परंपरा : पुराणांच्या पाच लक्षणांत वंश व वंशानुचरित या दोहोंचा अंतर्भाव होतो. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ मध्ये भोसले कुळाचा इतिहास बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर मराठीत कोरविला. वतनाचा हक्क वारसाने चालत असल्यामुळे पाटील-कुलकर्ण्यांच्या तंट्यांत वंशावळ हाच मुख्य पुरावा असे. साहजिकच हक्कासाठी रचलेल्या खोट्या वंशावळीही दप्तरांत आढळतात. त्र्यंबकेश्वर, नासिक आदी क्षेत्रांचे तीर्थोपाध्याय यजमानांची नावे वह्यांत पिढ्यान्‌पिढ्या नोंदवीत आले आहेत. दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटक या भागांत हेळवी जमातीचे लोक बैलावरून गावोगाव फिरून आश्रयदात्या घराण्यांच्या वंशावळी सांगत, तीत नव्या पिढीची भर घालीत आणि मोबदल्यात धान्य घेत.

अमेरिकेत स्थलांतरित पूर्वजांचा शोध घेण्याच्या ओढीतून या अभ्यासास संघटित रूप आले. बॉस्टन येथे १८४५ मध्ये, तर यूटा येथे १८९४ मध्ये वंशशोधन संस्था स्थापन झाल्या. यांपैकी यूटाच्या संस्थेने हरद्वार व अन्य तीर्थांच्या वह्या सूक्ष्मपटांवर उतरवून घेतल्या.

साधने व पद्धती : शोध ज्ञाताकडून अज्ञाताकडे, एकेक पिढी मागे जाऊन करावा लागतो. शाळेचे प्रवेश-नोंदवहीतील उतारे, जन्म-मृत्यूची नोंद असलेले कोतवाल बुक (गाव नमुना १४), फेरफार नोंदवही (गाव नमुना ६) व वारस नोंदवही (गाव नमुना ६-क) ही प्रमुख साधने होत. जुने कागद बहुधा मोडी लिपीत असून त्यांत शुहूर सन आढळतो. त्यात ५९९ वा ६०० मिळविले असता इसवी सन मिळतो. नातवास आजोबांचे नाव ठेवण्याच्या चालीमुळे तीच नावे पुन्हा पुन्हा येतात व दोन व्यक्ती एकच समजल्या जाण्याचा धोका असतो. म्हणून नावाबरोबर कालनिश्चिती आवश्यक ठरते. जुन्या वंशावळींत मुली व सुना बहुधा गाळलेल्या असतात. त्यांचा माग विवाहसंबंध व माहेरच्या कागदांवरून काढावा लागतो.

सीमाभागात ही साधने विखुरलेली आहेत. सोलापूरजवळील कुंभारी (ता. दक्षिण सोलापूर) हे याचे चांगले उदाहरण होय. १९४८ पूर्वी या परिसराच्या आसपास ब्रिटिश मुलूख, अक्कलकोट संस्थान व हैदराबाद संस्थान अशा तीन राजवटी होत्या. कुंभारी येथे विडी कामगारांची १०,००० घरांची वसाहत २००६ मध्ये व असंघटित कामगारांच्या वसाहतीतील १५,००० घरे २०२४ मध्ये हस्तांतरित झाली. सोलापूरच्या यंत्रमाग व विडी उद्योगांतील अनेक तेलुगू भाषक कुटुंबांचे पूर्वज तेलंगणातून आलेले आहेत. अशा कुटुंबाच्या अलीकडच्या पिढ्या सोलापुरातील मराठी नोंदींत, तर आधीच्या पिढ्या हैदराबाद संस्थानच्या उर्दू दप्तरात शोधाव्या लागतात. शेतजमीन नसलेल्या कुटुंबाचे नाव महसुली कागदांत फारसे येत नाही. त्यामुळे कष्टकऱ्यांची वंशावळ वतनदारांच्या वंशावळीपेक्षा लवकर खुंटते.

महत्त्व : वतने कायद्याने संपुष्टात आली, तरी वंशावळीचे व्यावहारिक मूल्य कमी झालेले नाही. वारसाहक्काखेरीज जातीचा दाखला व पडताळणी यांसाठीही ती सादर करावी लागते. राज्याच्या २००१ च्या अधिनियमानुसार जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर असते. कुणबी नोंदींच्या तपासणीसाठी २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमण्यात आली, तेव्हा जुन्या मोडी व उर्दू कागदांचे वाचन हा सार्वजनिक महत्त्वाचा विषय बनला. ज्यांच्या पूर्वजांची नोंदच झाली नाही, त्यांना मात्र हा पुरावा उभा करणे अवघड जाते. अशा कुटुंबांच्या बाबतीत वृद्धांच्या स्मृती व हेळव्यांसारख्यांचे मौखिक भांडार यांची वेळीच नोंद करणे अगत्याचे ठरते.