फाइलीची सही
जुन्या संगणकांच्या बिटमॅप फाँटमध्ये प्रत्येक अक्षर ठिपक्यांनी रेखलेले असते. अशा फाइलीचे नाव कोणी बदलले असेल, तर ती ओळखायची कशी? आपण तिचे पहिले काही बाइट वाचू. तीच तिची सही. लिनक्सच्या पीएसएफ फाँटच्या पहिल्या आवृत्तीत ते ५४ व ४ असतात. दुसरीत ११४, १८१, ७४ व १३४. दोन बाइटांचे ६५,५३६ प्रकार होतात, चारांचे सुमारे ४२९ कोटी; म्हणून लांब सही केवळ योगायोगाने जुळण्याचा संभव फारच कमी. विंडोजच्या जुन्या 'फॉन' फाइलीची सुरुवात मात्र तिथल्या प्रोग्रॅमप्रमाणेच 'एम' व 'झेड' या अक्षरांनी होते. तेव्हा सही पटली तरी आतली रचना तपासावी. निरुपयोगी प्रोग्रॅम समजून फाइल पुसली, तर त्या वळणाची अक्षरे कदाचित पुन्हा मिळणार नाहीत.