‘जर–तर’ उलटे वाचू नये

संगणकशास्त्राच्या सुरुवातीच्या तर्कशास्त्रात अनेक विद्यार्थी अडखळतात ते सोपाधिक विधानापाशी (‘जर–तर’ने जोडलेले वाक्य). ‘अंगारकी असेल, तर जालना जिल्ह्यातल्या राजूरच्या गणपतीला गर्दी असते’ हे विधान खरे धरू. तरी गर्दी दिसली म्हणून अंगारकीच आहे, असा निष्कर्ष निघत नाही; गर्दीला दुसरे कारणही असू शकते. गर्दी नसेल, तर मात्र अंगारकी नाही, हे नक्की. यावर रास्त आक्षेप येतो : इतर दिवशी हे विधान खरे का मानायचे? कारण त्या दिवसांबद्दल ते काही सांगतच नाही. अंगारकी असून गर्दी नसेल, तेव्हाच ते खोटे ठरते. प्रोग्राममधला ‘इफ’ वेगळा. ती आज्ञा असते, आणि आज्ञा खरी किंवा खोटी नसते.