उत्तर उशिरां कां येतें?

परदेशीं गेलेला मुलगा फोनवर उत्तर द्यावयास घुटमळला कीं आईबापांच्या मनांत शंका येते. दोष पुष्कळदां वाटेचा असतो. ऑस्ट्रेलियांतील ज्या एकाकी घरांपर्यंत तार नेणें परवडत नाहीं, त्यांच्या इंटरनेटकरितां २०१५ व २०१६ सालीं ‘स्काय मस्टर’ नांवाचे दोन उपग्रह सोडण्यांत आले. त्यांची उंची सुमारें ३६,००० किलोमीटर! प्रश्न तेथें चढून खालीं उतरावा व उत्तर त्याच मार्गानें परतावें, यास प्रकाशाच्या वेगानेंहि जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. कितीहि द्रव्य खर्चिलें तरी तो कमी होत नाहीं. सायंकाळच्या गर्दींत चित्रहि अडखळतें. तेव्हां कॅमेरा बंद करून केवळ आवाज घ्यावा, असें आम्ही सांगतों. एकानें वाक्य पुरें करून थांबावें, मग दुसऱ्यानें बोलावें. घरांतील आजीबाईंस हें आधींच सांगून ठेवावें. नाहीं तर त्या मध्येंच बोलतात, आणि दोघांचेहि शब्द वाटेंत एकमेकांवर आदळतात.