नेमबाजीचा छंद आणि श्रवणशक्ति

सन २०२४ च्या १ ऑगस्ट रोजीं कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीचे श्री. स्वप्नील कुसाळे यांनीं पॅरिस येथील ऑलिंपिक सामन्यांत ५० मीटर रायफल नेमबाजींत कांस्यपदक मिळविलें. असें यश पाहून आमच्या नांदेड-लातूरकडील घरांतूनही 'आम्हांसही बंदूक शिकूं द्या' असा हट्ट मुलांनीं धरला, तर नवल नाहीं. हा हट्ट अनुचितही नव्हे. नेमबाजीनें चित्त एकाग्र होतें, श्वासावर ताबा येतो व उतावळेपणा जातो. घरांतील वडील मंडळी गोळी लागण्याचें भय मनांत आणून विचार करितात, व तें योग्यच आहे. परंतु या छंदांत दुसरी एक हानि संभवते. ती रक्त न सांडतां होते व बहुधा दुखतही नाहीं, म्हणून तिचा विचार मागें पडतो. ती हानि कानाची होय.

आपल्या अंतःकर्णांत शंखासारखा वेटोळा अवयव आहे. त्यांत सुमारें पंधरा हजार सूक्ष्म केशपेशी असतात व त्यांच्याच योगें आपणांस ऐकूं येतें. पक्ष्यांमध्यें या पेशी नष्ट झाल्या तरी पुन्हां उगवतात. मनुष्यांत त्या एकदां गेल्या कीं गेल्या. बार उडतो त्या क्षणीं डोळे मिटतात, पण कानाला पापणी नाहीं. मोठ्या आवाजापासून बचाव करणारा कानांतील लहानसा स्नायु आंखडेपर्यंत बार होऊन गेलेला असतो.

या आघातानें प्रथम उंच पट्टीचे ध्वनि ऐकणाऱ्या पेशी जातात. स्वर ऐकूं येतात, पण श, स यांसारखे ऊष्मवर्ण व तत्सम बारीक ध्वनि निसटूं लागतात. मग 'साप' व 'ताप' यांतील भेद कळत नाहीं. 'ऐकूं येतें, पण समजत नाहीं,' अशी तक्रार सुरू होते. आमचा जन्म शाळेंत गेला. कमी ऐकणारें मूल मंदबुद्धीचें म्हणून कसें मागें टाकलें जातें, हें आम्ही पाहिलें आहे. लातूरच्या शिकवणीवर्गांत शेकडों मुलांमध्यें बसून विद्या मिळवावयाची, तर कान शाबूत हवेत. आपल्या परंपरेनें तर मनन व निदिध्यासन यांच्याही आधीं श्रवण ठेविलें आहे.

आतां बंदुकींच्या आवाजांचें तारतम्य पाहूं. आवाज डेसिबलमध्यें मोजतात; पण हें माप रुपया-आण्यासारखें सरळ नाहीं. दर दहा डेसिबलांस आवाजाचा जोर दहापट होतो. जागतिक आरोग्य संघटनेनें अशा क्षणिक स्फोटक आवाजाची कमाल मर्यादा प्रौढांस १४० व बालकांस १२० डेसिबल सांगितली आहे. मोठी रायफल किंवा बारा बोअरची बंदूक १५० ते १६५ पर्यंत जाते. .२२ ची रायफल उघड्यावर साधारणतः १३० ते १४० च्या दरम्यान राहते. म्हणजे प्रौढांस ती मर्यादेच्या कांठावर, तर बालकांस मर्यादेबाहेर झाली. छऱ्याची हवाई रायफल या सर्वांच्या पुष्कळ खालीं असते, कारण तींत दारूच नाहीं. .२२ मध्यें दारू थोडी असते. शिवाय सामन्यांच्या काडतुसांची गोळी ध्वनीच्या वेगाहून, म्हणजे सेकंदास सुमारें ३४० मीटरांहून, किंचित् मंद जाते. त्यामुळें हवा फाटल्याचा कडाका होत नाहीं.

लहान बंदूक म्हणजे लहान विद्या, असा मात्र कोणी समज करून घेऊं नये. श्री. कुसाळे यांचें पदक .२२ चेंच. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत सन २०१० मध्यें म्युनिक येथें जगज्जेत्या झाल्या, त्याही .२२ नेंच. सन २००० मध्यें सिडनीच्या अंतिम फेरींत पोंचलेल्या अंजली भागवत यांच्या हातीं तर हवाई रायफल होती. त्या प्रकारांत दहा मीटरांवरील मधला ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा व छरा साडेचार मिलिमीटरचा! चाकूर व मुदखेड येथील प्रशिक्षण केंद्रांतील जवानांस मोठें शस्त्र चालवावें लागतें, तें कर्तव्य म्हणून. छंदासाठीं त्यांचें अनुकरण करण्याचें कारण नाहीं.

यास्तव आमची सूचना अशी कीं, मुलामुलींनीं आरंभ हवाई रायफलीनेंच करावा, व तोही जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखालीं. घराची गच्ची हें नेमबाजीचें मैदान नव्हे, आणि पांखरें हें लक्ष्य नव्हे. वन्य जीवांस सन १९७२ च्या कायद्याचें संरक्षण आहे. राष्ट्रीय छात्रसेनेंत .२२ हातीं येते, तेव्हां कान झांकल्यावांचून एकही बार काढूं नये. कापसाच्या बोळ्यानें आवाज फारसा अडत नाहीं. फोमचें बूच बारीक वळून, कान वर व मागें ओढून आंत घालावें व तें फुगेपर्यंत धरून ठेवावें. त्यावर कानटोपासारखें कर्णरक्षक घातल्यास अधिक उत्तम. उजव्या खांद्यावर दस्ता टेकविणाऱ्याचा डावा कान नळीकडे येतो, व त्यालाच इजा अधिक होते. बंद खोलींत वा पत्र्याच्या छपराखालीं आवाज उलटून येतो. म्हणून जवळ उभ्या असलेल्या धाकट्या भावंडांनींही कान झांकावेत. बंदुकीचा आवाज कमी करणारें नळकांडें स्वतःच सन १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें अग्निशस्त्रांत मोडतें. त्या वाटेस जाऊं नये.

बार काढल्यावर कान गुणगुणूं लागला किंवा दडा बसल्यासारखें वाटलें, तर 'उद्यां बरें होईल' म्हणून स्वस्थ न बसतां कानाच्या डॉक्टरांस लवकर दाखवावें. गुणगुण थांबली म्हणजे सर्व हानि भरून निघाली, असेंही मानूं नये.

बंदूक निवडतांना आपण किंमत व वजन पाहतों, तसा तिचा आवाजही विचारावा. पदक शंभरांत एखाद्यास मिळेल न मिळेल. पण नातवंडांचे बोबडे बोल म्हातारपणीं ऐकूं यावेत, असें प्रत्येकासच वाटतें. त्याची तरतूद बालपणींच करावी लागते.